सात भुतांची पैज

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

दार तोडलं! माझं दार, मी घरात असताना! मी खिडकीकडं तोंड करून बसलो होतो. मांडीवर चौथीचं जुनं पुस्तक. एकेक कविता चालीवर मनात म्हणत होतो. तिसरं कडवं आलं आणि खांद्यावर हात पडला. मागं पाहतो तर शेजारचा कमरोद्दीन — घामानं निथळलेला, हातात पहार. त्याच्यामागं अर्धी गल्ली.

"अबे जिंदा है!" तो गल्लीकडं वळून ओरडला. गल्लीची जरा निराशाच झाली असावी.

अद्वैत पुण्याहून तीन तास फोन लावत होता म्हणे. मी उचलेना म्हणून त्यानं कमरोद्दीनला लावला. कमरोद्दीननं वीस मिनिटं दार बडवलं, मग कडी उखडली. मला पत्ता नाही. माझी तंद्री लागली की अशीच लागते, लहानपणापासून. वाटूरच्या शाळेत रामप्रसाद गुरुजी म्हणायचे, "गिरिधर, तू वर्गात आहेस का वर्गाबाहेर?"

संध्याकाळी अद्वैत व्हिडिओवर. पुण्याला गेल्यापासून हा मुलगा पुटपुटायला लागलाय. त्यातलं एवढं कळलं — "बस झालं बाबा. एकटं राहणं बंद. पाडव्याला न्यायला येतो." मी म्हटलं, मला कशाची भीती नाही. आणि आधी कडी तरी बसवून घेऊ दे. तर म्हणाला, "कशाला? घर भाड्यानंच द्यायचंय."

कडीच्या जागी सुतळी बांधलीय. कॅलेंडर पाहिलं. पाडवा तीस मार्चला, ईद बहुतेक दुसऱ्या दिवशी. म्हणजे कमरोद्दीनच्या बायकोच्या, खैरुनभाभींच्या हातचा शीरखुर्मा एका दिवसानं हुकणार! हा काय न्याय झाला!

५ फेब्रुवारी, बुधवार

नातीनं वाट काढली. गंधाली — अद्वैतची थोरली, एकोणीस वर्षांची. भुताचे सिनेमे पाहायचे आणि त्यांची चेष्टा लिहायची, हा तिचा छंद. पोरीचं एक बरं आहे, पुटपुटत नाही, लिहून पाठवते :

"आबा, कशाचीच भीती नाही ना? मग करा सिद्ध. सात भुताचे सिनेमे. बोटाला करोनातलं ते ठोके मोजायचं यंत्र. एकदाही शंभरावर गेले तर पाडव्याला पुणे. नाही गेले तर आणखी एक वर्ष भोकरदन. बाबा हो म्हणालेत. हसत हसत, पण म्हणालेत. आणि प्रत्येक सिनेमावर लिहून ठेवा, मला फुकटात नको निकाल."

पंच कमरोद्दीन. तो एसटीत छत्तीस वर्षं ड्रायव्हर, मी भोकरदन स्टँडवर एकतीस वर्षं माईकवर. तो गाडी आणायचा, मी ती आल्याचं जगाला सांगायचो. त्याच्याशिवाय कोण पंच होणार? पण त्याच्या अटी ऐका — "दुपारी दोनलाच बघायचं. अंधारात मी येणार न्हाई. आन् रोजे लागायच्या आत संपव. रोज्यात मला भुतं नको."

म्हणजे एक मार्चपर्यंत सात भुतं. चला!

६ फेब्रुवारी, गुरुवार

भूत पहिलं. इंग्रजी, हिंदीत बोलणारं.

नवरा-बायको-दोन पोरं जंगलातलं मोठं घर स्वस्तात घेतात. का स्वस्त, हे एकजण विचारत नाही! आमच्याकडं कुणी घर घेताना आधी शेजारी कोण विचारतो, मग पाणी किती दिवसांनी येतं विचारतो, घर सगळ्यात शेवटी पाहतो. या लोकांची वाटच लागायला पाहिजे. लागली.

आणि भूत करतं काय? नळ सोडतं. आपोआप! भळाभळा पाणी! बाई किंचाळून घरभर पळते. अगं बाई, बादली लाव! इथं नवव्या दिवशी नळ येतो. असं भूत आमच्या गल्लीत आलं तर लोक त्याला मुक्कामाला ठेवून घेतील. दोन ओळी सुचल्या, भुजंगप्रयातात अगदी नीट बसल्या —

भुताने नळाला दिले खूप पाणी
अम्हाला मिळावी अशी भूतराणी!

संगीत म्हणजे लांब कुठंतरी ढोलकी वाजल्यासारखं. टीव्हीचा आकडा साठावर नेला तरी तेवढंच. माझे ठोके चौऱ्याहत्तर. कमरोद्दीन मात्र चार वेळा खुर्चीतून उडाला, चहा सतरंजीवर. गंमत म्हणून यंत्र त्याच्या बोटाला लावलं — एकशे चोवीस! छत्तीस वर्षं घाटातून एसटी हाकणारा माणूस! मधेच खैरुनभाभी भिंतीवरून डोकावून हातवारे करून गेल्या. बहुतेक चहा कसा झाला विचारत असाव्यात.

गुण : वीसपैकी सहा. सहाही नळाचे.

९ फेब्रुवारी, रविवार

भूत दुसरं. हिंदी. हवेली, लग्नातच मेलेली नवरी, हातात मेणबत्ती. स्वतः भूत असून हिला अंधारात दिसत नाही? भिंतीतून आरपार जाते ती जातेच, पण मेणबत्तीही आरपार नेते, आणि विझत नाही! मेणबत्तीही मेलेली होती का, याचा खुलासा नाही.

पण एक मान्य करतो — या दिग्दर्शकाला संयम आहे. ढोलकीसुद्धा नाही. अगदी शांत. गुरुजी असंच करायचे. भीतीची ओळ आली की थांबायचे, वर्गाकडं पाहायचे, आणि मग हळूच पुढची ओळ. आमची चड्डी त्या थांबण्यातच ओली व्हायची. पाहा, भीती शांततेत असते. मी हे कमरोद्दीनला सांगितलं. तो म्हणाला, "हूं."

नट सगळे पुटपुटणारे. पण आज कमरोद्दीननं टीव्हीवर खाली अक्षरं लावून दिली, त्यामुळं सोय झाली. तो आज बराच शांत होता. रिमोट मांडीखाली दाबून बसला होता. हळूहळू धीट होतोय. माझे ठोके बहात्तर, त्याचे शहाण्णव.

टीव्हीच्या कोपऱ्यात आज छोट्या भोंग्याचं चित्र दिसत होतं, त्यावर तिरपी रेघ. सिनेमे दाखवणाऱ्या कंपनीचा शिक्का असावा. भोंगा! एकतीस वर्षं ज्याच्यावर पोट भरलं त्याला कुणीतरी मान दिला. बरं वाटलं.

गुण : नऊ.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

भूत तिसरं. कोरियाचं. वीसपैकी सतरा! गोष्टीसाठी नाही. गोष्ट अशी की आगगाडीत भूत. आम्ही बदनापूरच्या स्टेशनावर पॅसेंजरची वाट बघत काढलेल्या दुपारी त्याहून भयंकर होत्या.

सतरा गुण खालच्या अक्षरांना. बोलणं नसेल तेव्हा तिथं कंसात लिहून येतं. मी उतरवून घेतलंय —

(दूर कहीं किवाड़ कराहता है)
(हवा सिसकती है)
(पानी टपकता है)
(ख़ामोशी)

ही तर कविता! आणि शेवटचा शब्द पाहा. शांतता आहे हे कंसात लिहून सांगतो! हा लिहिणारा कोण, कुठं राहतो, किती पगार देतात त्याला? आमच्या वेळी असता तर थेट पुस्तकात गेला असता, खाली प्रश्न आले असते — 'हवा का रडते ते तुमच्या शब्दांत सांगा.'

मी मोठ्यानं वाचून दाखवलं. कमरोद्दीन माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "गिरधर, तुला खरंच आवडून राह्यलं का हे?" आणि उठून गेला. चहा अर्धा टाकून. काय झालं याला?

ठोके एकाहत्तर.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज भूत नाही. स्टँडची आठवण आली.

लोक हसायचे, पण मी गाड्या चालीवर पुकारायचो. जालना दिंडीच्या चालीत. संभाजीनगर — तेव्हाचं औरंगाबाद — जरा रुबाबात, शार्दूलविक्रीडितात. कमरोद्दीनची गाडी ओवीत, कारण ती कधी वेळेवर यायचीच नाही, आरामात यायची. एकदा साहेबांनी मेमो दिला : 'उद्घोषणा गद्यात करावी.' पंधरा दिवस गद्यात केली. सोळाव्या दिवशी मुक्कामी गाडीची एक म्हातारी खिडकीशी येऊन म्हणाली, "गाणारे बाबा मेले का?" पुन्हा सुरू केलं.

भोंगा माझ्या खोलीच्या बरोबर डोक्यावर होता. सुट्टीच्या दिवशीसुद्धा कानात घूं घूं चालायचं.

१६ फेब्रुवारी, रविवार

भूत चौथं. लिफ्टमधलं. भोकरदनला लिफ्टच नाही. घाबरायचं कसं? गुण तीन. ठोके सत्तर.

१९ फेब्रुवारी, बुधवार

भूत पाचवं. तेलुगू. भूत नाचतं! सूड घ्यायच्या आधी वीस जणींना मागं घेऊन नाचतं, आणि सगळ्याजणींचे कपडे एकसारखे. एवढं कापड, एवढे शिंपी, एवढ्या लवकर जमवणारं भूत हुशारच म्हणायचं. पण गाण्यात ओठ हलतात आणि काही पोचत नाही. नुसतं तोंड उघडझाप, हौदातल्या माशासारखं.

ठोके त्र्याहत्तर. अद्वैतला आकडे कळवले. त्यानं लिहिलं, "बाबा, खरंच?" आता हसत नाहीये तो.

दोनच राहिले! भाभींना सांगून टाकलं, शीरखुर्म्यात माझ्या वाटचे खारीक-बदाम धरा. भाभी हसल्या. मग पदरानं डोळे पुसले. घरात कांदा चिरत असाव्यात.

२२ फेब्रुवारी, शनिवार

भूत सहावं. आरशातलं. त्याच्यावर काही लिहीत नाही.

अर्ध्यात गंधालीचा व्हिडिओ आला. तिला म्हटलं, बघ तुझा आबा, बघ ठोके, बहात्तर! फोन टीव्हीकडं फिरवला. ती काहीतरी बोलली. मग फोन ठेवला. मिनिटाभरानं लिहून आलं —

"आबा, टीव्हीचा आवाज बंद का ठेवलाय?"

मी पंचाकडं पाहिलं. पंच सतरंजीकडं पाहत होता.

रिमोट मांडीखालून काढून त्यानं माझ्या हातात दिला. कोपऱ्यातल्या भोंग्याकडं बोट केलं. ते म्हणजे कंपनीचा शिक्का नाही. ते म्हणजे आवाज बंद!

तो माझ्या तोंडासमोर येऊन, एकेक शब्द मोठ्यानं बोलला. आता लक्षात येतंय, गेली दोन वर्षं तो असाच बोलतोय. "मला आवाजाची भीती वाटती यार. पहिल्या पिक्चरला माझा जीवच गेल्ता. म्हणून दुसऱ्याला बंद केला. म्हटलं, तू शिव्या देशील. तू काही बोललाच न्हाईस. उलट म्हणलास, भीती शांततेत असती. मला शक होता, त्या दिवशी पक्कं कळलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुझ्या पोरानं तुला उद्याच्या उद्या नेलं असतं. मंग मी कुणासंगं चहा पिऊ?"

मी म्हटलं, निघ. तो निघाला. दारातून काहीतरी बोलला. ते ऐकू आलं नाही. आता असं लिहायला हरकत नाही — ऐकू आलं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

तंद्री नव्हती ती. वीस मिनिटं दार बडवलं त्यानं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

भाभी आल्या. अगदी समोर उभ्या राहून, हात कमरेवर ठेवून म्हणाल्या, "गिरधरभाऊ, दोन दिवस झाले. तुम्ही एका दारात, हे एका दारात. एकमेकाला न दिसता गल्लीत फिरून राह्यले, भुतावानी. मी काय दोन घरी मयताचा फातेहा पढू?"

हसू आलं. काय करणार!

भाभींनी आणखी सांगितलं. पहिल्या दिवशी भिंतीवरून हातवारे केले ते चहासाठी नव्हते. आवाजानं त्यांच्या बकरीनं दावं तोडलं होतं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

कमरोद्दीनबरोबर जालन्याला गेलो. कानाचा दवाखाना. एका काचेच्या खोलीत बसवलं, कानावर दोन वाट्या ठेवल्या. तिथली मुलगी म्हणाली, "आजोबा, आवाज आला की बोट वर करा."

मी बोट तयार ठेवून बसलो. ती काचेपलीकडं बटणं दाबत होती. म्हटलं, तयारी चाललीय. दोन-तीनदा लांबून शिट्टीसारखं काही आलं, बोट वर केलं. पुन्हा तयारी. चांगली वीस मिनिटं तयारी. मग तिनं दार उघडलं, वाट्या काढल्या आणि म्हणाली, "झालं."

मी म्हटलं, "सुरू कधी झालं?"

तिच्यामागं कमरोद्दीन उभा होता. टोपी काढून हातात फिरवत होता. मी त्याला भूत पाहून घाबरताना चारदा पाहिलंय. असं तोंड तेव्हाही नव्हतं त्याचं.

परतीच्या गाडीत शेजारी बसलो. राजूर आलं तेव्हा त्यानं खिशातून शेंगदाण्याची पुडी काढली, अर्धी माझ्या हातावर ओतली. झालं. मिटलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

यंत्र लागलं! दोन्ही कानांमागं, वाटाण्याएवढं.

काय काय ऐकलं : पंखा करकरतो. कधीपासून? माझी चप्पल फटफट करते. चहा उकळताना आवाज होतो, हे मी विसरलोच होतो! भाभींची बकरी — मी तिला गुणी, अबोल जनावर समजत होतो — दिवसभर ओरडते. अद्वैत पुटपुटत नाही. स्वच्छ बोलतो. बिचारा पहिल्यापासून स्वच्छ बोलत असणार. त्याला म्हटलं, यंत्र लावलंय. त्यापुढचं काही सांगितलं नाही. पैजेचंही नाही.

दुपारी पुस्तक काढलं आणि चौथीची ती कविता मोठ्यानं म्हटली, गुरुजींच्या चालीवर. चाल मोडलेली होती. दुसऱ्या ओळीलाच घसरते. इतकी वर्षं मला वाटायचं, जशीच्या तशी जपलीय. पुस्तक मिटलं.

मग पुन्हा उघडलं. चार वेळा म्हटली. चौथ्यांदा थोडी जाग्यावर आली.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

गंधालीनं लिहिलंय : "सातवा बाकी आहे. पहिले सहा धरायचे की नाही, तुम्ही ठरवा. बाबांना मी टीव्हीचं काही सांगितलेलं नाही."

कमरोद्दीन नमाजवरून येता येता डोकावला. म्हणाला, "सोपं हाय. मशीन डब्बीत ठेव. आवाज बंद. बहात्तर ठोके. पाडव्याला गुढी इथं, दुसऱ्या दिवशी शीरखुर्मा माझ्या घरी. कोण बघतंय?"

"पंच बघतोय ना!"

"पंच तुझाच हाय, येड्या."

डब्बी समोर ठेवून बसलोय. डब्बीत यंत्र असलं तर भोकरदन. कानात असलं तर पुणे. एवढंसं वाटाण्याएवढं — आणि आख्खं गाव तोलतंय.

पण एक आहे. सिनेमावर लिहायचं तर सिनेमा ऐकायला नको? मी सहा जणांना न ऐकताच गुण वाटले! गुरुजींनी कुणाची वही न वाचता कधी शून्य दिलं नाही.

१ मार्च, शनिवार

भूत सातवं. यंत्र कानात. टीव्हीचा आकडा बारा.

गोष्ट काहीच नाही. एक म्हातारी, एकटी, घरात. दार वाजतं. ती उघडते. कुणी नाही. बसते. दार वाजतं. बस, दोन तास एवढंच! भूत एकदाही दिसत नाही. पण ते दार! पहिल्यांदा वाजलं तेव्हा मी "कोण?" म्हणून उठलोच. दुसऱ्यांदा कमरोद्दीनचा हात धरला. त्यानं आधीच माझा धरला होता. तिसऱ्यांदा वाजण्याआधी नुसती शांतता — खरी, ऐकू येणारी. पंखा करकरतोय, बकरी गप्प झालीय, आणि आता वाजणार, आता वाजणार...

माझी किंकाळी स्टँडपर्यंत गेली असेल. चहा दोघांच्या अंगावर. भाभी ओल्या हातांनी पळत आल्या.

ठोके एकशे एकतीस! कमरोद्दीन म्हणाला, "मी एकाहत्तर लिहितो." मी म्हटलं, लिही बरं एकशे एकतीस. त्यानं लिहिलं. असं लिहिलं, जसं कुणाचं नाव मतदार यादीतून खोडतात.

गुण : वीसपैकी वीस. आयुष्यात पहिल्यांदा दिले.

संध्याकाळी अद्वैतला फोन लावला आणि माईकसमोर उभा राहून सांगायचो तसं सांगितलं — "प्रवाशांनी लक्ष द्यावं! भोकरदनहून पुण्याला जाणारा प्रवासी पैज हरलेला आहे. पहिली सहा भुतं प्रवाशाला मुकी होती, ती धरू नयेत. सातवं बोललं आणि प्रवासी किंचाळला. प्रवाशाला दोन वर्षांपासून ऐकू येत नव्हतं. दारही ऐकू आलं नव्हतं. त्यानं ते तंद्रीवर ढकललं. पाडव्याला बॅग भरलेली असेल."

अद्वैत कितीतरी वेळ काही बोलला नाही. आता कळतं, ही शांतता त्याची की माझी. त्याचीच होती. मग म्हणाला, "बघतो," आणि ठेवला.

बाहेर पोरं गच्चीवर चढून चंद्र दिसतो का पाहतायत. त्यांचा गलका ऐकू येतोय. बरंच काही ऐकू येतंय. पेटी काढून ठेवली. चौथीचं पुस्तक सगळ्यात खाली.

२ मार्च, रविवार

सकाळी सात. दार वाजलं. एकदाच, हळू, बोटाच्या पेरानं वाजवल्यासारखं. मी लगेच उठून सुतळी सोडली. दारात अद्वैत, प्रवासानं चुरगळलेला.

म्हटलं, "आजच न्यायला आलास?"

तो म्हणाला, "बाबा, मी अगदी हळू वाजवलं होतं." आणि आत न येता पिशवीतून काढली — पितळी कडी, नवी कोरी.

आता बसवतोय. किती आवाज करतो हा मुलगा!